पाचव्या मजल्याची खूण

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर मिस्त्री थांबले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. नाडी घट्टच होती. खालच्या वळणावरही ती घट्टच होती. पण वाकायला काही निमित्त हवे असते, आणि गेल्या दीड वर्षात मिस्त्रींनी अशा निमित्तांचा छोटेखानी संग्रहच जमवला होता. नाडी, पिशवीत न सापडणारा पेचकस, भिंतीवरचा दिव्याचा खटका, खिडकीबाहेरचे काहीतरी. वाकून हात गुडघ्यांवर टेकले की छातीवरचा पट्टा एखाददुसरे घर सैल होई. पट्टा हा त्यांचाच शब्द. छातीत दुखते का, असे डॉक्टरांनी विचारले होते, तेव्हा ते म्हणाले होते की दुखत नाही, कुणीतरी रुंद पट्टा आवळून शेवटच्या भोकात अडकवल्यासारखे वाटते.

वरून साहेबांचा आवाज आला. "मिस्त्री, येताय ना?"

"आलो, आलो. नाडी सुटली."

एवढ्या तीन-चार शब्दांना त्यांचे दोन श्वास खर्ची पडले. साहेबांची पावले वर निघाली, त्यांच्यामागून वॉचमनची. वॉचमनची पावले क्षणभर थांबली, मग तीही निघाली. त्या क्षणभर थांबण्याने मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

इमारत सहा मजल्यांची, जुनी. तिची लिफ्टही जुनी, प्रत्येक मजल्यावर हाताने उघडायच्या दाराची. एकतीस वर्षे तिची देखभाल मिस्त्रींकडे होती. आठ दिवसांपूर्वी सकाळी पाचव्या मजल्यावरच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, खाली येण्यासाठी लिफ्टच्या दाराशी आल्या. त्यांनी दार ओढले, ते उघडले. पण लिफ्ट तिथे नव्हती. ती वर सहाव्या मजल्यावर उभी होती. पाऊल टाकण्याआधी काठी पुढे टेकवायची बाईंना सवय, म्हणून त्या वाचल्या. काठीला जमीन लागली नाही. ती हातातून निसटली आणि भिंतींवर आपटत खाली गेली. बाई चौकट धरून उंबऱ्यातच बसल्या. वॉचमन वर धावत गेला तेव्हाही त्यांची बोटे चौकटीवरून सुटत नव्हती.

लिफ्ट समोर आल्याशिवाय मजल्यावरचे दार उघडता कामा नये, हा या धंद्यातला पहिला धडा. त्यासाठी दाराला आतून एक खिट्टी असते. लिफ्ट समोर आली की ती मागे सरते, लिफ्ट गेली की स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा बसते. ती नीट बसते की नाही हे लिफ्टच्या आत उभे राहून कधीच कळत नाही, कारण आत असणाऱ्याला प्रत्येक दार उघडणारच. ते बाहेरून, लिफ्ट दुसरीकडे असताना, दार ओढून पाहावे लागते. मिस्त्रींना ज्यांनी हा धंदा शिकवला ते उस्ताद म्हणत, "लिफ्ट दुरुस्त केलीस ना? मग आता तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. ती बंद कर, पायी वर जा आणि एकेक दार ओढ. उघडलं तर तुझी चूक, नाही उघडलं तर तुझा पगार." ही रीत मिस्त्रींनी व्रतासारखी पाळली होती. दर महिन्याला लिफ्ट तळाशी बंद करायची, सहा मजले पायी चढायचे, प्रत्येक दार दोनदा ओढायचे, आणि खाली येऊन लिफ्टशेजारच्या कार्डावर मजल्यामजल्यापुढे खूण करायची. सोबतीचे लोक चेष्टेने म्हणत की हा गडी जिन्याने आधी पोचतो आणि लिफ्ट धापा टाकत मागून येते.

आज सकाळी साहेबांनी ते कार्ड हातात घेतले होते. लिफ्ट कंपनीचे हे साहेब वीस वर्षांपूर्वी मिस्त्रींच्याच मागून जिने चढत दारे ओढायला शिकले होते. त्यांनी पाचव्या मजल्याच्या ओळीवरून बोट फिरवले. सहा महिने, सहा खुणा, सगळ्या एकाच वळणाच्या. वॉचमन टोपी हातात घेऊन उभा होता. दार बाहेरून उघडण्याची त्रिकोणी किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून साऱ्या इमारतीने तर्क बांधला होता की त्यानेच कधीतरी कुणाची पडलेली वस्तू काढायला ते दार उघडले आणि खिट्टी बिघडवली. महिनाअखेरीस काम सोडून जा, असे त्याला सांगितलेही होते. तो एवढेच म्हणत राहिला की पाचव्यावरच्या दाराला मी हात लावला नाही.

"तू लावला नाहीस, मग कुणी लावला?" साहेब म्हणाले. "इथं मिस्त्रींची खूण आहे. एकतीस वर्षांत यांची खूण कधी खोटी निघाली नाही."

मिस्त्रींनी त्या वेळी बोलायला हवे होते. ते लिफ्टच्या जाळीकडे पाहत उभे राहिले. वॉचमननेही त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने टोपीच्या आत काही लिहिलेले असावे इतक्या लक्षपूर्वक टोपीत पाहिले.

*

आजार समजला तेव्हा मिस्त्रींना पहिल्यांदा भीती वाटली नाही, लाज वाटली. भेटायला येणारा प्रत्येक जण बसता बसता विचारी, "विडी ओढत होतात का हो?" उत्तर होय असे होते. छतावरच्या यंत्राच्या खोलीत, दोरांच्या आणि तेलाच्या वासात, काम संपल्यावर एक आणि सुरू करण्याआधी एक, अशी त्यांची तीस वर्षे गेली होती. होय म्हटले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर गणित सुटल्याचे समाधान उमटे. ते समाधान मिस्त्रींना शस्त्रक्रियेच्या टाक्यांपेक्षा अधिक झोंबे.

डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. मग किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, डॉक्टरांनी हात हातात घेऊन सांगितले की आता तुम्ही मोकळे. परंतु मोकळे झालेल्या माणसाला दहा पायऱ्यांनंतर भिंत धरावी लागते, हे घरी कुणाला सांगावे? रुग्णालयात श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्या म्हणत, नाकाने घ्या, ओठांचा चंबू करा, गरम दुधावर फुंकर घालावी तसा हळूहळू सोडा. पायरीवर पाय टाकताना सोडा, थांबून घ्या. फारच कोंडले तर बसा, पुढे झुका, कोपरे मांड्यांवर टेका. चेहऱ्याशी वारा घ्या. आणि निरोप देताना त्यांनी एक वाक्य सांगितले होते, ते मिस्त्रींना पाठ होते: "दम लागला की थांबायचं, काका, आणि थांबलोय हे लपवायचं नाही. लपवण्यात अर्धा श्वास जातो."

मिस्त्रींनी व्यायाम पाळले, वाक्य पाळले नाही. त्याला एक कारणही घडले होते. कामावर परतल्यावर पहिल्याच महिन्यात एका जिन्यावर ते ओठांचा चंबू करून उभे असताना वरून एक गृहिणी उतरल्या. फुंकरीची बारीक शीळ त्यांच्या कानी पडली. त्यांनी मिस्त्रींच्या पांढऱ्या केसांवरून बुटांपर्यंत नजर टाकली, "शोभतं का या वयात?" एवढेच म्हटले आणि पदर सावरून त्या उतरून गेल्या. आजारी आहे, असे म्हणायला मिस्त्रींजवळ त्या क्षणी हवाच नव्हती. आणि हवा आली तेव्हा असे ध्यानात आले की आजारी ठरण्यापेक्षा वाह्यात ठरलेले त्यांना परवडत होते.

साहेबांनी वर्कशॉपात बसून करायचे काम देऊ केले, ते त्यांनी नाकारले. हाताखाली माणूस देऊ केला, तोही नाकारला. त्याला धाप दिसली असती. बायको रोज विचारी, "अहो, जिने चढत नाही ना तुम्ही?" ते हसून म्हणत, "लिफ्टवाला जिने कशाला चढेल?" ती हसे. सुरुवातीला ते खोटे होते; पुढे ते बरेचसे खरे झाले तेव्हा साऱ्या जगात तिला एकटीलाच सांगितलेले होते, आणि ते तिने विनोद म्हणून घेतले होते.

पहिले काही महिने ते कसेबसे सहाव्यापर्यंत पोचले. मग हिवाळ्यात एका दिवशी दुसऱ्या मजल्यावर पट्टा असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते खाली आले. वॉचमनने न बोलता लिफ्टशेजारी आपली खुर्ची मांडली, पाणी आणून दिले. मिस्त्रींनी खुर्चीत बसून कार्ड मांडीवर घेतले. पहिला, दुसरा, या खुणा खऱ्या होत्या. मग पेन थांबले. एकतीस वर्षे ही दारे कधी उघडली नव्हती. एका महिन्यात काय बिघडणार? त्यांनी तिसऱ्यापुढे खूण केली. चौथ्यापुढे करताना हात हलका झाला होता. पाचव्यापुढे करताना त्यांना काहीच वाटले नाही. पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या मजल्यावरून परतले तेव्हा वॉचमनने खुर्ची आधीच मांडून ठेवली होती.

*

मिस्त्री पाचव्या मजल्यावर पोचले तेव्हा साहेबांची पाहणी आटोपली होती. खिट्टीची स्प्रिंग तुटलेली होती. साहेब म्हणाले की किल्लीने झटका दिला की असेच होते, नवी स्प्रिंग घेऊन चार वाजता येतो, तोवर अहवाल लिहून सही करून ठेवा. ते भराभर उतरून गेले. त्यांच्यामागे वॉचमन, दोन पायऱ्यांचे अंतर ठेवून.

बाईंचे दार उघडे होते. आठ दिवस लिफ्ट बंद आणि हाताशी काठी नाही, तेव्हा त्यांचे जग दोन खोल्यांपुरते उरले होते. त्या भिंत धरून पुढे आल्या आणि त्यांनी दारातल्या खुर्चीकडे बोट केले.

"बसा. आणि आधी बोलू नका."

मिस्त्री बसले. नाडीकडे हात गेला, पण बसलेल्या माणसाला ते निमित्त पुरत नाही. त्यांनी कोपरे मांड्यांवर टेकली आणि दीड वर्षात प्रथमच जाणूनबुजून परक्या माणसासमोर ओठांचा चंबू केला. बारीक शीळ खोलीभर झाली. बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. शीळ थांबेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "त्या दाराला वॉचमननं हात लावलेला नाही."

"ते मला ठाऊक आहे. त्याला माझं दार उघडायचं काय काम? पण मग बिघडलं कधी?"

"कधी बिघडलं ते सांगता येत नाही. सहा महिने मी वर आलोच नाही."

"खुणा तर आहेत म्हणतात."

"खाली बसून केल्या."

बाईंनी आयुष्यभर वह्या तपासल्या होत्या. न सोडवता मागचे उत्तर उतरवलेले गणित त्यांना ओळीवरूनच समजत असे. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न केला.

"जिना चढवत नव्हता, तर लिफ्टनंच यायचं होतं. इथं उतरायचं, ती खाली पाठवायची आणि दार ओढून बघायचं. तसं होत नाही का?"

"होतं."

"मग?"

मिस्त्रींनी दाराच्या कडीकडे पाहिले. हा मार्ग त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तासभर जादा लागला असता, इतकेच. "लोकांना दिसलं असतं," ते म्हणाले.

"काय दिसलं असतं?"

"मिस्त्रीला जिना चढवत नाही, हे."

बाई रागावल्या असत्या तर सोसणे सोपे गेले असते. त्या रागावल्या नाहीत. "काठी सुटली ना," त्या म्हणाल्या, "ती तळाला पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. अजून लागतो. डोळे मिटले की मी वाट बघत असते, कधी येतोय तो."

क्षमेचा शब्द मिस्त्रींच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. हे ऐकल्यानंतर तो शब्द उच्चारणे म्हणजे आपलीच सुटका मागणे होते.

"मला सांगितलंत ते बरं केलंत," बाई म्हणाल्या. "पण ज्यानं ऐकायला हवं तो माणूस खाली बसलाय."

*

वॉचमन लिफ्टशेजारी स्टुलावर बसला होता. खुर्ची नेहमीच्या जागी रिकामी होती. मिस्त्री तिच्यात बसले नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"खुर्ची मीच मांडत होतो की."

"मग साहेबांना का नाही बोललात?"

वॉचमनने टोपी उलटसुलट फिरवली. "म्हटलं, तुमचं तुम्ही बोलाल. एक दिवस थांबलो, दोन दिवस थांबलो. आज तुम्ही दुसऱ्यांदा नाडी बांधायला वाकलात, तेव्हा म्हटलं, आता काही हा माणूस बोलत नाही."

"महिनाअखेरीचं घरी सांगितलंत?"

"नाही सांगितलं. काय तोंडानं सांगणार? चोरी केली नाही ते सांगायलाही तोंड लागतं, मिस्त्री."

मिस्त्रींनी खिळ्यावरून कार्ड काढले आणि ते भिंतीवर धरून उभ्यानेच लिहू लागले. सहा महिने, चार मजले, चोवीस खुणा. प्रत्येक खुणेवर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, 'पाहिले नाही'. घाईने एकदम वरून खाली एकच रेघ मारता आली असती. पण खुणा एकेक केल्या होत्या, त्या एकेकच खोडायच्या होत्या. वॉचमन मान लांब करून पाहत होता. पाचव्या मजल्याच्या ओळीशी मिस्त्रींचा हात थांबला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बसून लिहा की." मिस्त्रींनी मान हलवली आणि लिहीत राहिले.

मग त्रिकोणी किल्लीने तळमजल्याचे दार उघडून खालच्या खड्ड्यात उतरायची चार पायऱ्यांची लोखंडी शिडी त्यांनी धरली. तळाशी धूळ, तेलाचे ओघळ, कुणाची तरी पेन्सिल, आणि कोपऱ्यात बाईंची काठी. टोकाचे रबर उडाले होते, मूठ शाबूत होती. रबर शोधून त्यांनी पुन्हा ठोकून बसवले आणि काठी आपल्या बाहीने पुसली.

चार वाजता साहेब आले. मिस्त्रींनी कार्ड पुढे केले. साहेबांनी ते वाचले, उलटून पाहिले, पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा लाल झाला. पण रागावण्याआधी त्यांना एखादे घरचे माणूस परक्यासारखे वागताना दिसावे तसे झाले.

"आधी सांगितलं असतंत तर वर्कशॉपात जागा होती तुमच्यासाठी."

"होती."

"आता मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"कळवा. यांच्याबद्दलही कळवा. लेखी."

साहेब वॉचमनकडे वळले. काही बोलावे असे त्यांना वाटत असावे, परंतु त्यासाठीची वाक्ये साहेब लोकांना शिकवलेली नसतात. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. वॉचमनने टोपी डोक्यावर घातली. मग साहेबांनी स्वतः वर जाऊन नवी स्प्रिंग बसवली आणि लिफ्ट तळाशी आणून बंद केली. उतरल्यावर त्यांनी मिस्त्रींकडून हत्यारांची पिशवी घेतली, कार्डही घेतले.

"दारं ओढून यायची राहिलीत," मिस्त्री म्हणाले.

"मी जातो."

"आजच्या दिवस मला जाऊ द्या. वेळ लागेल."

"किती?"

"लागेल तेवढा."

त्यांनी काठी उचलली. तशीच एक काठी घरी कपाटामागे होती. बायकोने रुग्णालयातून येताना घेतलेली, कागदही न काढलेली. पहिल्या पायरीवर त्यांनी बाईंची काठी टेकवली, श्वास सोडत पाऊल टाकले आणि थांबून श्वास घेतला. पहिल्या मजल्याचे दार दोनदा ओढले. उघडले नाही. वळणावर ते थांबले. हात नाडीकडे वळला आणि परत काठीच्या मुठीवर आला. वरून एक रहिवासी दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन उतरत होते. मिस्त्रींच्या ओठांकडे पाहून ते बिचकले.

"काय हो, बरं वाटत नाही का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "फुप्फुसाचं ऑपरेशन झालंय. दम खातोय."

रहिवाशांनी भिंतीला चिकटून वाट दिली, जणू वर कुणी जड वस्तू नेत होते. मिस्त्रींचा चेहरा तापला. छातीवरचा पट्टाही होता तिथेच होता; पण तो आवळत असताना आज त्यावर कोट घालायचा नव्हता. दुसरा मजला. तिसरा, इथे ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि सरळ वाऱ्याकडे तोंड केले. चौथा. एकेक दार दोनदा ओढले, आणि कुठलेही उघडले नाही.

पाचव्या मजल्याच्या दाराशी ते अंमळ अधिक उभे राहिले. काठी भिंतीला टेकून ठेवली, दोन्ही हातांनी दार ओढले. मग तिसऱ्यांदा ओढले. खिट्टी आत ठक्क वाजली आणि दार जागचे हलले नाही. त्या आवाजाने बाई आपल्या उंबऱ्यावर आल्या होत्या.

मिस्त्रींनी काठी पुढे केली. बाईंनी ती घेतली, जमिनीवर एकदा टेकवून पाहिली आणि मुठीभोवतीची बोटे पुन्हा नीट केली.

"मूठ गरम आहे," त्या म्हणाल्या.

"वर येताना मी धरली होती."

बाईंनी मान हलवली. बसा, असे त्या म्हणाल्या नाहीत. आणि मिस्त्रींनाही ते बरे वाटले. अजून सहावा मजला राहिला होता. ते कठडा धरून निघाले. काठीच्या सवयीने वळलेली उजवी मूठ रिकामीच तशी वळलेली राहिली होती.

सहाव्या मजल्याचे दार उघडले नाही. मिस्त्रींचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला, आणि कार्ड आता आपल्याजवळ नाही हे त्यांना आठवले. ते तिथेच पायरीवर बसले, कोपरे मांड्यांवर टेकली, आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या सावकाश फुंकर सोडू लागले.